हाडात बसवलेले दात

अकोल्याच्या दिवाणी कोर्टात देवमन डोमाजी खंडारे बावन्न साली पट्टेवाला म्हणून लागला, तेव्हा त्याच्याकडे काम होतं दप्तरं वाहायचं. सकाळी लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे जजसाहेबांच्या टेबलापर्यंत न्यायचे आणि कोर्ट उठलं की परत जागेवर ठेवायचे. पुकारा करायचं काम एका म्हाताऱ्या पट्टेवाल्याकडे होतं. तो एकदा तापानं पडला, तेव्हा शिपायांवर देखरेख करणारे नाझर उत्तमराव देवमनला म्हणाले, "आजच्या दिस तू बाहीर उभा राह्य. नाव नीट वाच, अन् तीनदा म्हन."

देवमन व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. कागदावरचं पहिलंच नाव त्यानं परत एकदा वाचून पाहिलं. नाव त्याच्याच गावच्या, दर्यापूरकडच्या पाटलाचं होतं. त्याचा बाप डोमाजी त्या पाटलाच्या ओट्याखाली वहाणा हातात घेऊन उभा राहायचा. मालकाचं नाव तोंडातून काढण्याचा तर प्रश्नच नव्हता. आणि कोर्टाच्या कागदावर ना 'पाटील' होतं, ना 'जी'. नुसतं नाव आणि बापाचं नाव.

"खुशालराव वल्द गणपतराव, हाजिर हो."

कडुनिंबाखाली बसलेल्या खुशालरावानं बिडी विझवली, टोपी सारखी केली आणि तो जवळजवळ पळतच आला. देवमनच्या समोरून आत जाताना त्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कोर्टाच्या आवाजापुढं सगळेच मान खाली घालतात, हे देवमनला त्या दिवशी कळलं.

म्हातारा पट्टेवाला परत आला, पण पुकाऱ्यावर पुन्हा गेला नाही. देवमनचा आवाज मोठा होता, पण नुसता मोठा नव्हता. एकेक अक्षर नाणं वाजवून घ्यावं तसं सुटं यायचं. समोरच्या रस्त्यावर चहाच्या टपरीत बसलेला पक्षकारही कप खाली ठेवून उठायचा. वकील मंडळी आपापसात म्हणायची की या कोर्टात कोणाचा दावा गैरहजेरीत जाणार नाही. देवमन हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि घरी जाऊन बायकोला, केशरबाईला, सांगायचा.

त्याच्या हिरड्यांतून रक्त येतं, हे आधी केशरबाईनं पाहिलं. भाकरीच्या चावलेल्या कडेला लाल दिसायचं, सकाळी उशीवर डाग असायचा. देवमनला लहानपणापासून गुडाखूची सवय होती. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा बोटानं हिरड्यांना घासल्याशिवाय त्याला सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही. दुखायला लागलं की तो अजून घासायचा, कारण घासल्यावर घटकाभर बधिर व्हायचं.

"त्यानंच होऊन राह्यलं तुमाले," केशरबाई म्हणायची.

"त्यानं तं थांबते," तो म्हणायचा.

छप्पन सालच्या ऑक्टोबरात दोघं नागपूरला दीक्षेला गेले. त्या गर्दीत, लाखो माणसांबरोबर त्रिशरण म्हणताना, देवमनच्या खालच्या दाढेतून एवढी कळ आली की त्याचे डोळे भरून आले. शेजारच्या माणसाला वाटलं, हा आनंदानं रडतो. तेही खोटं नव्हतं. परतल्यावर त्यानं दारू सोडली, मरीआईचा देव्हारा उचलून नदीत टाकला, पण गुडाखूची डबी खिशात राहिली. ती कुठल्या प्रतिज्ञेत बसत नाही, असं तो हसून म्हणायचा.

पुढच्या चार-पाच वर्षांत त्याच्या तोंडाची पार दशा झाली. हिरड्या दातांपासून सुटल्या. बोटानं दाबलं की पू यायचा. तुरटीच्या गुळण्या झाल्या, हळद-मीठ-तेल झालं, लवंगेचं तेल झालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरानं पायरिया म्हणून सांगितलं आणि हलणाऱ्या दोन दाढा उपटून हातावर ठेवल्या. दाढांना कीड नव्हती. पांढऱ्याशुभ्र, धडधाकट दाढा होत्या, नुसत्या मुळाशी हाड उरलं नव्हतं म्हणून निघाल्या होत्या. देवमनला त्याचंच फार नवल वाटलं.

बासष्ट साली वरचे समोरचे चार दात गेले. दोन आपोआप पडले, दोन काढावे लागले.

समोरचे दात गेले की माणूस म्हातारा दिसतो, एवढंच त्याला वाटलं होतं. पहिल्या दिवशी पायरीवर उभा राहून त्यानं "सदाशिव वल्द तुळशीराम" म्हटलं, तेव्हा तोंडातून नुसती हवा निघाली. स गेला होता, त गेला होता. कडुनिंबाखालची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. बाररूमच्या खिडकीतून कोणीतरी हसलं. त्या दिवशी त्यानं प्रत्येक नावासाठी खाली उतरून झाडापर्यंत जाऊन, माणसांत फिरून विचारलं. असं किती दिवस चालणार होतं?

अकोल्यातच एक जण कवळ्या बनवायचा. त्यानं मापं घेतली आणि टाळूला चिकटणारी, चार दातांची पट्टी करून दिली. बोलायला बरी होती. पण पुकारा म्हणजे बोलणं नव्हे. छाती भरून हवा आली की पट्टी सुटायची. एका सोमवारी, भर गर्दीत, नावाच्या मध्येच ती तोंडातून उडाली आणि पायरीवरून घरंगळत एका पक्षकाराच्या पायाशी जाऊन पडली. त्या माणसानं ती धोतराच्या सोग्यात धरून, पुसून परत आणून दिली. हसला नाही. देवमनला त्याचं न हसणंच जास्त लागलं.

नाझर उत्तमरावांनी त्याला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "देवमन, जजसाहेबानं दोनदा इचारलं. पुकारा समजत नाही म्हन्तात. मी तुले परत दप्तरावर टाकतो, काय बिघडलं? पगार तोच हाये."

"थोडे दिस थांबा साहेब," देवमन म्हणाला. "दाताचं काही करतो."

पगार तोच होता. पण पगारासाठी तो त्या पायरीवर उभा राहत नव्हता, आणि हे उत्तमरावांना सांगून समजलं नसतं.

वसंतराव वकिलांनी त्याला अमरावतीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. डॉ. कमलाकांत पिंपळखुटे. अंबागेटच्या आत घर आणि खालीच दवाखाना. मुंबईला शिकलेले, नंतर दोन वर्षं इटलीत राहून आलेले. "तिकडे म्हणे जबड्याच्या हाडात धातूचा पेच बसवून त्यावर दात बसवतात," वसंतराव म्हणाले. "ते पडत नाहीत. विचारून तर पाहा."

रविवारी देवमन बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेला. डॉक्टर चाळिशीच्या आतले, उंच, घाईनं बोलणारे होते. त्यांनी आरसा घालून त्याचं तोंड पाहिलं, एक बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेला खाली घातली आणि दर वेळी ती रक्तानं माखून वर आली.

"तंबाखू लावता का?"

"लावतो जी."

"बंद करावं लागेल. आजपासून." डॉक्टरांनी सळई ठेवली. "आणि मी जे म्हणतो ते नीट ऐका. दात गेले म्हणजे रोग गेला असं नाही. बाकीचे जे दात उरलेत त्यांच्या मुळाशी तो बसलेला आहे. आधी हिरड्या बऱ्या करू. सहा महिने, कदाचित वर्ष. मग पेचाचं पाहू."

देवमननं सगळं सांगितलं. पायरी, पुकारा, पडलेली पट्टी, नाझराकडे मागितलेली मुदत. "वर्षभर कोन थांबते मायासाठी? मले आताच पायजे. जे होईल ते होईल."

डॉक्टरांनी कपाटाकडे पाहिलं. इटलीहून आणलेले पेच त्यांच्या कपाटात तसेच पडून होते. अमरावतीत कोणी हाडात भोक पाडून घ्यायला तयार नव्हतं. आणि समोर एक माणूस स्वतःहून मागत होता. त्यांनी तीन महिने म्हटलं. देवमन कबूल झाला. डॉक्टरांनी पेचाचे पैसे घेणार नाही म्हणून सांगितलं.

तीन महिने देवमन दर पंधरवड्याला अमरावतीला आला. डॉक्टर हिरड्यांखालचा दगडासारखा थर खरवडून काढायचे. तोंड रक्तानं भरायचं, तो थुंकायचा आणि परत आ करायचा. गुडाखू सुटली. ब्रशनं, हळू, वरून खाली, असं दात घासायला तो पंचेचाळिसाव्या वर्षी शिकला. हिरड्यांचा रंग बदलला. पू थांबला नव्हता, पण कमी झाला होता. त्रेसष्टच्या फेब्रुवारीत डॉक्टरांनी सुई देऊन जबडा बधिर केला, हिरडी चिरली आणि हाडात दोन पेच बसवले. दुखत नव्हतं, पण हाड पोखरल्याचा आवाज कवटीतून कानात यायचा, आणि तो आवाज देवमनला पुढं कितीतरी दिवस येत राहिला. सूज उतरल्यावर पेचांवर चार दात चढले.

पहिल्या दिवशी पायरीवर उभं राहून त्यानं नाव पुकारलं आणि समोरच्या टपरीतला माणूस उठला.

ते वर्ष त्याच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं म्हणावं लागेल. वकील येऊन दात पाहून जायचे. केशरबाईनं एकदा बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "खरेच वाटतात बाप्पा." तो कणीस दातानं सोलून दाखवायचा. डॉक्टरांनी दर महिन्याला यायला बजावलं होतं. दोन-तीन महिने तो गेला. मग रजा मिळेना. मग मिळाली तरी वाटायला लागलं की दुखत नाही तर जायचं कशाला. दिवाळीच्या सुमाराला एका लग्नघरी कोणीतरी गुडाखूची डबी पुढं केली. त्यानं थोडी, फक्त मागच्या दाढांना, लावली. समोरच्या दातांना लावत नाही ना, मग काय होतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. पुढं समजावायचीही गरज उरली नाही.

पेचाच्या भोवतीची हिरडी आधी जांभळी झाली. मग सकाळी तोंडाला खारट चव यायला लागली. ती चव त्याला ओळखीची होती. जानेवारीत तो अमरावतीला गेला, तेव्हा डॉक्टरांनी डावीकडच्या दाताला चिमटा लावला आणि तो किंचित हलला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पेचाला काही होत नाही," ते सावकाश म्हणाले. "पण तो ज्या हाडात आहे ते हाड खंगतंय. जसं तुमच्या दातांभोवतीचं खंगलं तसंच. हा काढायला हवा, देवमन. आत्ताच काढला तर हाड वाचेल."

"काढला तं मी उघडा पडलो," देवमन म्हणाला. "उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत राहू द्या. मेमध्ये कोर्ट बंद असते. तवा काढा."

"चार महिने फार आहेत."

"तुमी साफ करून द्या. मी गुडाखू सोडतो. पक्कं सोडतो."

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला. नागपूरला दातांच्या डॉक्टरांची एक सभा भरणार होती आणि तिथं ते हेच दात दाखवणार होते. देवमनचे फोटोही काढून ठेवले होते. हे त्यांनी त्या वेळी सांगितलं नाही. त्यांनी पू काढला, औषध भरलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "बरं. मेपर्यंत. पण दुखलं की तसेच निघून या."

एप्रिलच्या मध्यावर एका मंगळवारी देवमनचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता. अंगात ताप होता. केशरबाईनं जाऊ नका म्हणून सांगितलं. त्या दिवशी यादी मोठी होती, आणि रजा घेतली की उत्तमराव दुसऱ्याला पायरीवर उभं करणार, हे त्याला ठाऊक होतं. तो गेला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुपारपर्यंत त्यानं कसंबसं निभावलं. ओठ हलवला की डावा दात हलायचा, म्हणून तो जिभेनं त्याला मागून धरून नावं पुकारत होता. जेवणाच्या सुटीनंतरचं तिसरं नाव होतं पंचफुला बेवा नत्थुजी. बार्शीटाकळीकडची कुणबी बाई होती. नवरा मेल्यावर दीर पंजाबराव यानं सगळं वावर आपल्या नावावर करून घेतलं, म्हणून तिनं वाटणीचा दावा लावला होता. तिचे वकील वसंतराव त्या वेळी वरच्या मजल्यावरच्या कोर्टात होते. ते तिला सांगून गेले होते, की झाडाखाली बस, नाव आलं की आत जा आणि मी येतो म्हणून जजसाहेबांना सांग.

देवमननं छाती भरून घेतली आणि "पंच" म्हटलं. तेवढ्यात डावा पेच हाडात फिरला. डोळ्यांपुढं काळं आलं. तोंडात घाण, कोमट असं काहीतरी भरलं. उरलेलं नाव त्यानं तोंडावर हात धरून, भिंतीकडे वळून पुरं केलं. ते त्याला स्वतःलाही नीट ऐकू आलं नाही. तो व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन थुंकला. रक्त आणि पू. कोणी पाहिलं तर, या भीतीनं त्यानं चपलेनं त्यावर माती ओढली.

आणखी दोनदा पुकारायचं होतं. त्याच्यात तेवढी ताकद नव्हती. तो दारात जाऊन उभा राहिला.

"आहे का हजर?" जजसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

"नाही साहेब."

"तीनदा पुकारलं?"

"हो साहेब."

पंजाबराव आतच बसला होता. त्याचा वकील उठून दोन शब्द बोलला. वादी गैरहजर, दावा खारीज. एवढं लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

साडेपाचला कोर्ट उठलं. देवमन पट्टा सोडत होता. एक बाई पायरीशी आली. काळी, वाळलेली, डोक्यावरचा पदर घामानं ओला. हातात कापडात बांधलेली भाकरी होती, तिची गाठसुद्धा सुटली नव्हती.

"बाबा, माहं नाव कवा येते? सकाळपासून बसून राह्यले. पंचफुला नाव हाये माहं."

देवमननं तिच्या मागं पाहिलं. कडुनिंब तिथून तीस पावलांवर होता.

"तुमची केस निघून गेली बाई," तो म्हणाला. "तुमी नव्हत्या."

"मी तं इथंच होते."

"वकिलाले इचारा."

ती वकिलांना शोधायला निघाली. देवमन घरी आला आणि पडून राहिला. दोन दिवस त्यानं केशरबाईला काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तापाच्या भरात नाही, चांगला शुद्धीत असताना, भिंतीकडे तोंड करून त्यानं सगळं सांगितलं.

केशरबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "एकच डाव पुकारलं?"

"तेही अर्धं."

"अन् साहेबाले तीन सांगतलं."

"हो."

"मंग जाऊन सांगा न, एकच पुकारलं म्हनून."

"नोकरी जाईन."

"तिचं वावर गेलं," केशरबाई म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं.

देवमन वसंतरावांच्या घरी गेला. दावा परत चालू करायचा अर्ज त्यांनी करून ठेवला होता, पण त्यांनाच त्याचा भरवसा नव्हता. बाई म्हणते मी तिथंच होते. रोजनाम्यात लिहिलंय की तीनदा पुकारलं. कोण बाईचं ऐकणार? देवमननं ओठ उचलून तोंड दाखवलं. वसंतरावांनी नाकाला रुमाल लावला, मग लाजून काढला.

"शपथेवर सांगाल?"

"सांगतो."

उत्तमरावांना कळलं तेव्हा ते त्याला बाजूला घेऊन गेले. "पागल झाला काय तू? पुकारल्याचं लेखी हाये. तू म्हनशील खोटं बोललो, तं तुयावर चौकशी लागन. पुकाऱ्यावर तं कदीच नाही येणार. त्या बाईचं अन् तुयं नातं काय?"

"काही नाही जी."

"मंग काहून?"

देवमनला फक्त ती भाकरीची न सुटलेली गाठ दिसत होती.

अर्जाच्या दिवशी दुसरा एक पट्टेवाला पायरीवर होता. त्यानं पुकारलं, "देवमन वल्द डोमाजी खंडारे, हाजिर हो." देवमन दारातच उभा होता. तरी तो नाव पुरं होईपर्यंत थांबला आणि मग आत गेला. जजसाहेबांनी त्याला विचारलं की त्या दिवशी काय झालं. त्यानं सांगितलं. शब्द फुटत होते, म्हणून जजसाहेबांना दोन ठिकाणी परत विचारावं लागलं.

"तेव्हा मला खोटं का सांगितलं?"

"पुकारायचं काम जाईन म्हनून, साहेब."

पंजाबरावाच्या वकिलानं विचारलं की या बाईनं तुला काय दिलं. तो म्हणाला, तिनं मले तिचं नाव कवा येते ते इचारलं होतं, बाकी काही नाही. दावा परत चालू झाला. पंचफुला त्या वेळी मागच्या बाकावर होती. ती देवमनच्या अंगावरून बाहेर गेली. तिच्या चेहऱ्यावर कृतज्ञता नव्हती. असायचं कारणही नव्हतं.

मे महिन्यात डॉक्टरांनी पेच काढले. डावा बोटानंच निघाला. उजव्यासाठी चिरावं लागलं, आणि त्याच्याबरोबर हाडाचा एक कपचा आला. हाडात शिरलेला रोग पेचांबरोबर निघून गेला नाही. वर्षभर बारीक-बारीक कपचे हिरडीतून बाहेर येत राहिले. देवमन ते जिभेनं शोधून काढायचा. उरलेले दात एकामागून एक गेले. वरच्या जबड्याची कडच झिजली, त्यामुळं कवळीही बसेना. वरचा ओठ आत ओढला गेला. भाकरी वरणात कुस्करून, गिळून जेवण. चौकशीत त्याची वेतनवाढ थांबली आणि त्याला दफ्तरखान्यात टाकलं. तिथं बोलायचं काम नव्हतं.

एकदा डॉ. पिंपळखुटे काही कामानं अकोल्याला आले, तेव्हा त्याला शोधत दफ्तरखान्यात आले. गठ्ठ्यांमध्ये एका स्टुलावर बसले. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "मी वर्षभर थांबायला हवं होतं, देवमन. हिरड्या बऱ्या नसताना पेच घालायचाच नव्हता. मला माहीत होतं. मला घाई होती." त्यांनी सभेचं सांगितलं, फोटोंचं सांगितलं. नागपूरला लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा पेच निघून आठ दिवस झाले होते.

"मलेही घाई होती," देवमन म्हणाला.

डॉक्टरांना ते समजलं नाही. त्यांनी, "काय म्हणालात?" असं विचारलं. देवमननं हातानंच, काही नाही, अशी खूण केली. डॉक्टर गेले. त्यांनी पुन्हा कोणाच्या हाडात पेच घातला नाही, असं वसंतराव सांगायचे.

पंचफुलाच्या दाव्याचा निकाल अडुसष्ट साली लागला. पावसाळा संपत आला होता. ती निकालाची नक्कल घ्यायला दफ्तरखान्यात आली, तेव्हा देवमननंच फाइल काढून दिली. तिनं त्याला ओळखलं की नाही, ते कळलं नाही. कागद हातात धरून ती उलटसुलट पाहत होती.

"वाचून दाखवता काय, बाबा? वकील म्हन्ते जिंकली. काय जिंकली ते सांगत नाही."

देवमननं कागद घेतला. तो हळूहळू, एकेका शब्दावर थांबत वाचायला लागला. तिला समजायचं नाही, ती विचारायची, तो परत वाचायचा. अर्धं वावर तिचं झालं होतं. कोणतं अर्धं, ते पुढं लिहिलं होतं. पूर्वेकडचं विहिरीचं अंग पंजाबरावाकडं आणि पश्चिमेकडचं, नाल्याला लागून असलेलं, तिच्याकडं.

"नाल्याकडचं?" तिनं विचारलं.

"हो."

"त्याची तं माती वाहून जाते दरसाल. तिथं गोटेच हायेत नुसते."

देवमननं कागदावर पुन्हा नजर फिरवली. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. पंचफुला भिंतीला टेकून खाली बसली. बार्शीटाकळीची बस सुटायला अवकाश होता. थोड्या वेळानं तिनं प्यायला पाणी मागितलं, तेव्हा त्यानं माठातून गडू भरून आणला आणि ती पिऊन होईपर्यंत कागद हातात धरून तिच्यापाशी उभा राहिला.